वाचायचं मुलानं, दाबायचं मोठ्यानं: एक फोन असलेलं घर आणि पहिली ते पाचवीची मुलं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: वर्गात तिसरी-चौथीची मुलं. बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन, तोही आईकडे नाहीतर आज्जाकडे. गृहपाठ आणि सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. पालकसभेत 'मुलांना मोबाईल देऊ नका' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि दिवेलागणीला फोन पुन्हा पोरांच्याच हातात असतो. मग मुलांना नेमकं काय शिकवायचं आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं?

पहिल्यांदा 'देऊ नका' हे वाक्य पालकसभेतून काढून टाका. सीमाभागातल्या घरात ते पाळता येत नाही, आणि त्याचं कारण लाड हे नाही. बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो, पंचायतीचा कन्नडमध्ये, रिचार्जचा हिंदीत. आईला मराठी वाचता येतं, आज्जीला तेही नाही. शाळेत कन्नड आणि इंग्रजी अक्षरं शिकलेला घरातला एकमेव माणूस म्हणजे चौथीतला पोरगा. 'गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकारची महिलांसाठीची योजना) दोन हजार जमा झाले काय बघ रे' म्हणून आज्जीच त्याला हाक मारते. तो या घराचा दुभाषी आहे आणि फोन चालवणाराही तोच. शहरातल्या घरांसाठी लिहिलेले सल्ले असं धरून चालतात की मोठ्यांना फोन कळतो आणि मुलांवर लक्ष ठेवायचं आहे. इथे उलटं आहे. म्हणून नियमही तिथूनच सुरू करावा लागतो: वाचायचं मुलानं, दाबायचं मोठ्यानं.

म्हणजे मूल स्क्रीनवरचं मोठ्याने वाचेल, अर्थ सांगेल, पण 'ओके', 'अलाउ', 'इन्स्टॉल', 'पे' असल्या कुठल्याही बटणावर त्याचं बोट जाणार नाही. ते बोट आईचं, आज्जीचं, काकाचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यात दोन गोष्टी होतात. एक, बटण दाबण्याआधी दोन माणसांचं डोकं लागतं. दुसरी, पुढे काही बिघडलं तर 'तूच दाबलंस' असं पोरावर येत नाही, त्यामुळे ते लपवत नाही. आणि लपवणं हीच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. त्यावर पुढे येतो.

आपल्या मुलांचा एक फायदा इथे वापरून घ्या. फोन कन्नडमध्ये असेल तर परवानगी मागणाऱ्या चौकटीत दोन बटणं दिसतात: 'अनुमतिसि' म्हणजे परवानगी द्या आणि 'अनुमतिसबेडि' म्हणजे देऊ नका. लांबून दोन्ही शब्द सारखेच दिसतात, फरक फक्त शेपटीचा. पण 'बेड' म्हणजे नको हे बेळगावकडच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. फळ्यावर दोन्ही शब्द कन्नड लिपीत मोठे लिहा आणि शेपटी शोधायला लावा. 'सरि' म्हणजे ठीक आहे, हा तिसरा शब्द. एवढे तीन शब्द ओळखता आले तरी डोळे झाकून दाबणं बरंच कमी होतं.

त्याच वेळी फोन शक्यतो मराठीत करून घ्या. दुकानदाराने जसा दिला तसा इंग्रजीतच राहिलेला असतो. सेटिंग्ज, मग सिस्टीम (काही फोनात 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज' किंवा 'जनरल मॅनेजमेंट'), मग लँग्वेज, तिथे मराठी निवडून वर ओढायचं. आईला बटणं स्वतः वाचता आली की निम्मं काम झालं. कन्नड सूचना आली तर गुगल ट्रान्सलेटमध्ये कॅमेरा उघडून कन्नड ते मराठी निवडा आणि कागदावर धरा. मेसेजचा स्क्रीनशॉटही तसाच वाचता येतो. भाषांतर ओबडधोबड येतं, पण 'सभा आहे' की 'पैसे भरा' एवढं निश्चित कळतं.

आता पैशांकडे. लहान मुलांची सुरक्षा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घाणेरडे व्हिडिओ येतात. पण घरातला फोन सामायिक असेल तर मुलाच्या हातून पहिली दुर्घटना बहुधा पैशांची होते, म्हणून आधी ही पाच दारं बंद करा.

पहिलं दार बोटाचं. सारखं 'लॉक काढ' म्हणून मागे लागतो म्हणून मुलाचाही ठसा फोनमध्ये नोंदवलेला असतो. त्याच ठशाने पैशांचं अ‍ॅपही उघडतं आणि प्ले स्टोअरची खरेदीही मंजूर होऊ शकते. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, फिंगरप्रिंट इथे जाऊन कुणाकुणाचे ठसे आहेत ते बघा, मुलाचा काढा. ठशांना नावं नसतील तर सगळे पुसून फक्त मोठ्यांचे पुन्हा द्या.

दुसरं यूपीआय लाइट. यात एका वेळी १००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि शिल्लक ५००० रुपयांपर्यंत ठेवता येते. भाजीवाल्याला पटकन पैसे द्यायला सोय चांगली आहे, पण मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ती बंदच ठेवा. अ‍ॅपमध्ये लाइटवर जाऊन खातं बंद केलं की शिल्लक बँकेत परत येते.

तिसरं ऑटोपे. एखादं अ‍ॅप 'फक्त १ रुपयात ट्रायल' म्हणतं, पिन एकदाच टाकला जातो आणि पुढे दर महिन्याला किंवा आठवड्याला पैसे कापले जातात. नेहमीच्या अशा वसुलीला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन विचारला जात नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' या नावाची यादी असते. ती महिन्यातून एकदा उघडा, न ओळखीचं दिसेल ते रद्द करा.

चौथं प्ले स्टोअर. उजवीकडे वर आपल्या गोल चित्रावर दाबा, सेटिंग्जमध्ये जाऊन खरेदीच्या वेळी पडताळणी 'दर वेळी' करा. तिथेच फॅमिली विभागात पॅरेंटल कंट्रोल्स असतात. चार आकडी पिन ठेवून अ‍ॅप आणि गेमची मर्यादा ७+ वर आणा. लक्षात ठेवा, आधीच उतरवलेले गेम यामुळे जात नाहीत, ते हाताने काढावे लागतात. आणि मर्यादा त्या फोनलाच लागते, म्हणजे त्यावर बापालाही एखादं अ‍ॅप लागलं तर पिन टाकावा लागेल. त्याने कुरकुर केली तरी चालेल.

पाचवं दार तांत्रिक नाही. वडील गोव्यात किंवा पुण्यात कामाला, बँकेला जोडलेला नंबर त्यांच्या फोनमध्ये, आणि घरून मुलगा फोन लावतो: 'पप्पा, आता एक नंबर आला असेल तो सांगा.' वडिलांना वाटतं शाळेचं काहीतरी असेल. घरात एक ठरवून टाका: ओटीपी मुलानं मागायचा नाही आणि मुलाला सांगायचाही नाही. आईने स्वतः फोन करून कशासाठी ते सांगितलं तरच. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' किंवा 'पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करा' हे दोन्ही कायम खोटं. यूपीआय पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या अ‍ॅपने उघडायचा असतो, पैशांच्या अ‍ॅपने नाही, हेही वर्गात दाखवून द्या. मुलांना सगळे चौकोनी ठिपके सारखेच वाटतात.

एपीके फाइलींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मुलं यात फार सहज सापडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, वाहनाच्या दंडाची पावती येते, 'आज रात्री वीज तोडली जाईल' म्हणून हेस्कॉम या वीजकंपनीच्या नावाने बिल येतं. नाव पत्रिकेचं, पण शेवटी टिंब आणि इंग्रजीत ए-पी-के ही तीन अक्षरं. पत्रिका असती तर शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी असतं. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते बसलं की फोनवर येणारे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून खात्री धरू नका. त्या माणसाचा फोन आधीच फसलेला असेल तर फाइल त्याच्याच नावाने पुढे जाते. उपाय एकदाच करायचा आहे: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स', तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांसमोरचं बटण बंद. मग मुलाने चुकून दाबलं तरी फोन अडवतो आणि सेटिंग्ज बदलायला सांगतो. तिथे थांबायचं, एवढं मुलाला शिकवा. मेनूची नावं कंपनीप्रमाणे बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'अननोन' टाईप करा.

आता यूट्यूब. या वयात मुलांचा बहुतेक वेळ इथेच जातो. अडचण अशी की मूल आईच्या खात्यावर बघतं. आईने कालच बघितलेल्या भुताच्या मालिकेच्या, भांडणाच्या, खुनाच्या बातमीच्या शिफारशी मुलापुढे येतात. आणखी एक गंमत: लिहिता येत नाही म्हणून मुलं माईकवर बोलून शोधतात. 'सशाची गोष्ट' म्हटलेलं यंत्राला भलतंच ऐकू येतं आणि यादी कुठल्या कुठे जाते. मोठ्या यूट्यूबमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' आहे, पण तो कुणीही चालू-बंद करू शकतो. शिवाय हे सगळे फिल्टर मराठी-कन्नड शीर्षकांवर इंग्रजीइतकेच कडक चालतील असं धरून चालू नका.

त्यापेक्षा यूट्यूब किड्स हे वेगळं अ‍ॅप घ्या. सुरुवातीला वयोगट विचारतं: ४ वर्षांपर्यंत, ५ ते ८, ९ ते १२, आणि चौथा पर्याय 'मी स्वतः मंजूर करेन तेवढंच'. पहिली-दुसरीसाठी हा चौथा घ्या. पालकाने निवडलेले व्हिडिओ आणि चॅनलच दिसतात, शोध आपोआप बंद होतो. सुरुवातीला दहा-पंधरा चॅनल निवडायला अर्धा तास जातो, तो एकदाच. तिसरी-चौथीला ५ ते ८ किंवा ९ ते १२ घेऊन शोध बंद ठेवा. चौथीतल्या मुलाला ५ ते ८ चाच गट ठेवला म्हणून काही बिघडत नाही. कोपऱ्यातल्या कुलपाच्या चिन्हात टायमर आहे, वेळ संपली की अ‍ॅप स्वतःच बंद होतं. 'आईने बंद केलं' आणि 'वेळ संपली' यात मुलाच्या दृष्टीने फार फरक असतो, रडारड कमी होते.

पण त्या कुलपाची एक गोष्ट सांगायलाच हवी. पालकच आहे हे तपासायला ते गुणाकार विचारतं, सात आठे किती असा. मराठी शाळेतल्या, रोज सकाळी पाढे म्हणणाऱ्या चौथीच्या पोरापुढे हे कुलूप म्हणजे उघडं दार! सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवा, आणि तो घरातल्या कुणाच्या जन्मसालाचा नको.

अ‍ॅप लावून दिलं तरी मूल बाहेर पडून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरतंच. त्यासाठी अ‍ॅप पिनिंग. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'पिन' टाका, 'अ‍ॅप पिनिंग' किंवा 'पिन विंडोज' सापडेल. ते चालू करा आणि त्याखालचं 'अनपिन करताना पिन विचारा' हेही चालू करा. हे दुसरं राहिलं तर पहिल्याचा काही उपयोग नाही, आणि नेमकं तेच राहतं. मग यूट्यूब किड्स उघडा, उघडलेल्या अ‍ॅपची यादी आणा, वरच्या लहान चित्रावर दाबा, 'पिन' निवडा. आता फोन त्या एकाच अ‍ॅपमध्ये अडकला. सोडवायला तीन बटणांच्या फोनात 'मागे' आणि 'यादी' दोन्ही एकदम दाबून धरायची. बटणं नसलेल्या फोनात खालून वर ओढून धरायचं. भाकरी थापताना फोन द्यावाच लागला तर असा देता येतो. सॅमसंगमध्ये 'किड्स', ओप्पो-रिअलमीत 'किड स्पेस' नावाची तयार सोय असते, ती असेल तर पिनिंगची गरज नाही.

घरात जुना फोन मुलासाठी वेगळा ठेवला असेल तर गुगलचं फॅमिली लिंक वापरा. आईच्याच खात्यावर चालणाऱ्या फोनवर ते कामाचं नाही, कारण ते मुलाच्या खात्यावर चालतं. इथेच बरेच जण अर्धा दिवस घालवतात. जुना फोन आधी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करा, सिम काढा, १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या फोनवरून तयार करा. मग रोजची मर्यादा, रात्रीची बंदवेळ, प्रत्येक नव्या अ‍ॅपला मंजुरी हे सगळं पालकाच्या फोनवरून होतं. वडील गोव्यातून 'नको' म्हणू शकतात, ही या अ‍ॅपची आपल्याकडची खरी किंमत. वायफाय असेल तर राउटरच्या डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरून घ्या. प्रौढ संकेतस्थळं बरीचशी त्या पातळीवरच अडतात. ते आकडे राउटरमध्ये इंग्रजी अंकांत टाकायचे. मोबाईल डेटावर याचा परिणाम होत नाही, आणि यूट्यूब-व्हॉट्सअ‍ॅपच्या आतलं काही हे अडवत नाही.

रेंजचा मुद्दा जंगलपट्ट्यातल्या शाळांसाठी. घरात रेंज नाही म्हणून मुलं फोन घेऊन टेकाडावर, रस्त्याच्या वळणावर, देवळाच्या कट्ट्यावर जातात. म्हणजे मोठ्यांच्या नजरेपासून लांब आणि बहुधा मोठ्या मुलांच्या घोळक्यात. गृहपाठ व्हिडिओ किंवा लिंकच्या रूपात पाठवू नका. फळ्याचा एक फोटो किंवा दोन ओळींचा मजकूर पाठवा, तो आईच्या फोनवर जाता-येता उतरतो. दीक्षावरचे पाठ शाळेतच उतरवून दिले तर नंतर रेंज लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची वयोमर्यादा १३ आहे, म्हणून मुलाच्या नावाचं खातं नकोच. घरच्या खात्यात एवढं करा: प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स 'माय कॉन्टॅक्ट्स', प्रोफाइल फोटो 'माय कॉन्टॅक्ट्स', कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू. चॅट्समध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद, स्टोरेज अँड डेटामध्ये आपोआप उतरणं बंद. हे शेवटचे दोन राहिले तर काकांच्या मित्रमंडळाच्या ग्रुपवरचा व्हिडिओ थेट गॅलरीत येतो आणि गॅलरी हे मुलांचं आवडतं ठिकाण. असे ग्रुप 'चॅट लॉक'मध्ये टाका. लिंक्ड डिव्हाइसेस अधूनमधून बघा, अनोळखी संगणक दिसला तर लॉग आउट करा.

शाळेच्या ग्रुपबाबत बाई, तुमच्या हातात पुष्कळ आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक पालकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणजे चाळीस आयांचे नंबर कुणाकडेही. त्याऐवजी कम्युनिटी करून तिचा घोषणा-ग्रुप वापरा. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात आणि आधीपासून नंबर साठवलेला असेल त्यालाच कळतात. फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असं ठेवा, नव्या सदस्याला मंजुरी लागेल असं ठेवा, आणि ग्रुपची लिंक कुणालाही पुढे पाठवू नका.

फोटोंचं एक उदाहरण जवळून बघा. प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या कलास्पर्धेत, मुलगी अभिनयगीतात पहिली आली. बाईंनी फोटो टाकला, काकांनी स्टेटसला ठेवला. फोटोत मुलगी प्रमाणपत्र छातीशी धरून उभी आहे. प्रमाणपत्रावर तिचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, इयत्ता, शाळेचं नाव, गाव. गणवेशावर शाळेचा बिल्ला. मागे शाळेची पाटी. गळ्यातल्या ओळखपत्रावर फोन नंबर. एका अनोळखी माणसाला तिला नावाने हाक मारून 'तुझ्या पप्पांनी पाठवलंय' म्हणायला याहून जास्त काय लागतं? फोटो टाकू नका असं म्हणणं नाही. प्रमाणपत्र उलटं धरायला लावा, ओळखपत्र काढून ठेवा, एकट्याऐवजी गटाचा फोटो घ्या, नावं फोटोखाली लिहू नका. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून फोटोची लेखी संमती घ्या, 'नको' म्हणायची जागा असलेली. हा विषय एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, बैठकीत एकदा ठेवला की पुढे दर वेळी वाद होत नाही.

गेममध्ये धोका गोळीबाराचा नसतो, गप्पांचा असतो. चौथी-पाचवीची मुलं मोठ्या भावाच्या फोनवर फ्री फायर मॅक्ससारखा गेम खेळतात. टीममधला अनोळखी 'ब्रो' आधी जिंकून देतो, मग 'डायमंड फुकट देतो' म्हणतो, मग नंबर मागतो, मग व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मग फोटो मागतो. शेवटी 'घरी सांगितलंस तर' ही धमकी येते. पायऱ्या जवळजवळ ठरलेल्या असतात. मुलांना माणूस ओळखायला शिकवू नका, पायरी ओळखायला शिकवा: खेळातून बाहेर कुठेही यायला सांगितलं की तिथेच थांबायचं. व्हॉइस चॅट बंद करता येतो तो बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या एआयशी गप्पा मारणाऱ्या मुलांना एवढंच: ते माणूस नाही, चुकतं, आणि त्याला नाव-गाव-फोटो द्यायचा नाही.

वर्गात शिकवायला वीस-वीस मिनिटांचे चार तास पुरतात. मध्यवर्ती कृती एकच: थांब, पालथा ठेव, सांग. स्क्रीनवर भीती वाटणारं, लाजिरवाणं किंवा न कळणारं काही आलं की बोट थांबवायचं, फोन जमिनीवर किंवा मांडीवर पालथा ठेवायचा आणि मोठ्याला हाक मारायची. बंद करायला सांगू नका. बंद करताना मुलं घाबरून कुठेही दाबतात, जाहिरातीतली फुली मुद्दाम बारीक ठेवलेली असते, आणि काय होतं ते मोठ्याला नंतर कळतच नाही. पुठ्ठ्याचा फोन करा, त्यावर पाटीच्या खडूने किंवा कागदाच्या पट्ट्यांवर मेसेज लावा: 'तुम्ही जिंकलात', 'लग्नपत्रिका', 'तुझा फोटो पाठव', 'बाईंची सूचना'. एकाने वाचायचं, दुसऱ्याने आज्जी व्हायचं, तिसऱ्याने ठरवायचं. शेवटचा मेसेज खरा ठेवायला विसरू नका, नाहीतर मुलं सगळंच पालथं ठेवायला लागतात.

दुसऱ्या तासाला हाताची पाच बोटं. वहीच्या शेवटच्या पानावर आपला पंजा गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर ज्याला काहीही सांगता येतं अशा माणसाचं नाव आणि नंबर. त्यात एक तरी घराबाहेरचा हवा: बाई, अंगणवाडीताई, मावशी. कारण त्रास देणारा दर वेळी अनोळखी नसतो. थोरला चुलतभाऊ, शेजारचा दादा, टेकाडावर रेंजला बसणारा मुलगा 'ये, मजा दाखवतो' म्हणत व्हिडिओ दाखवतो. म्हणून 'अनोळखी माणसापासून सावध' एवढंच शिकवलं तर मोठं भगदाड राहतं. गुपित आणि गंमत यातला फरक सांगा. वाढदिवसाची गंमत दोन दिवसांनी सगळ्यांना कळते. 'कुणालाच कधीच सांगायचं नाही' असं जे म्हटलं जातं ते लगेच सांगायचं.

पालकांना मात्र एकच वाक्य पाठ करायला लावा: 'बरं झालं सांगितलंस.' मूल सांगायला आलं की हेच पहिलं. मुलं न सांगण्याचं पहिलं कारण लाज नसते, 'फोन काढून घेतील' हे असतं. सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, असा शब्द द्या आणि पाळा. रागवायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी. फोन लपवणं, अचानक गेममध्ये नवीन वस्तू दिसणं, झोपेत दचकणं, अंथरूण ओलं होणं, शाळेला नको म्हणणं यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर शांतपणे विचारा.

आता बिघडलंच तर. नुसतं काहीतरी वाईट दिसलं असेल तर पोलीस लागत नाहीत. मुलाशी बोलायचं, ते चॅनल 'रिपोर्ट' करून हिस्टरीतून काढायचं.

पैसे गेले असतील तर मिनिटं महत्त्वाची. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन, मग बँकेला. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, जो यूपीआय अ‍ॅपच्या व्यवहारात असतो. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. एपीके बसलं असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढा, आणि हे सगळे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा. पोर्टल राज्य विचारतं. सिम कोल्हापूरकडचं असलं तरी राहता ते राज्य सांगा.

कुणी मुलाकडे घाणेरडे फोटो मागितले, पाठवले किंवा धमकावलं तर हा पॉक्सो कायद्याचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२ च्या कायद्याचा, विषय आहे. त्या माणसाला उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. नंबर, प्रोफाइलचं नाव, तारीख, वेळ कागदावर लिहा. मुलाचा असा फोटो पुरावा म्हणूनसुद्धा दुसऱ्याला पाठवू नका, शाळेच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन तसाच बाजूला ठेवून पोलिसांना द्या. १०९८ (मुलांची मदतवाहिनी) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करा. पोर्टलवर महिला-मुलांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. जिल्ह्याच्या सीईएन (सायबर गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कुठल्याही ठाण्यात जाता येतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, 'झिरो एफआयआर' नोंदवावा लागतो. फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' या मोफत सेवेने अनेक मोठ्या अ‍ॅपवर तो अडवता येतो, आणि फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा काढला जातो.

बाई, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. असा प्रकार शाळेच्या कानावर आला की पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. 'आपसात मिटवू' हा पर्याय तुमच्याकडे नाही. मुलाचं नाव बाहेर जाऊ देऊ नका. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि पोलिसी गणवेशात नाही. जबाब कन्नडमध्ये लिहिला जात असेल आणि मुलाला ती भाषा नीट समजत नसेल तर दुभाषी देण्याची तरतूद त्याच कायद्यात, कलम १९ मध्ये आहे. तो मागून घ्या. लिहिलेलं मराठीत वाचून दाखवल्याशिवाय पालकांनी त्यावर सही करू नये.